‘चीप’ची कुळकथा

‘चीप’ हे इंग्रजीतले अगदी रोजच्या वापरातले विशेषण. त्याचे दोन अर्थ शाळकरी पोरालाही ठाऊक असतात: एक कमी किमतीचे, दुसरा हलक्या दर्जाचे. मूळ शब्दात यांपैकी एकही अर्थ नव्हता. इंग्रजीच्या आयुष्यातली पहिली जवळपास आठशे वर्षे हा शब्द विशेषण नव्हताच. तो नाम होता, आणि त्याचा अर्थ होता सौदा, खरेदी-विक्री, बाजार. बाजारासाठी वापरला जाणारा शब्द ‘स्वस्त’ या अर्थाला कसा आला आणि तिथून ‘हलकट’पर्यंत कसा घसरला, हा इंग्रजांच्या व्यापाराचाही एक लहानसा इतिहास आहे.

शब्दाचे बी रोमन आहे. लॅटिनमध्ये ‘काउपो’ म्हणजे खाणावळवाला, दारूविक्या, किरकोळ दुकानदार. रोमन समाजात या धंद्याला पत नव्हती. दारूत पाणी घालणारा, मापात मारणारा अशी या माणसाची ख्याती. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात एका गिऱ्हाइकाने भिंतीवर खरडलेली तक्रार सापडली आहे. गुत्तेवाला गिऱ्हाइकांना पाणी विकतो आणि निखळ दारू स्वतः ढोसतो, असा तिचा आशय. रोमन कायद्यानेही या मंडळींवर भरवसा ठेवलेला नव्हता. जहाजाचा तांडेल, खाणावळवाला आणि तबेलेवाला या तिघांकडे ठेवलेल्या सामानाची जबाबदारी सर्वस्वी त्यांच्यावरच टाकणारा खास नियम होता.

हे काउपो रोमन फौजांच्या मागोमाग ऱ्हाइन नदीपर्यंत पोचले. पलीकडच्या जर्मानिक टोळ्यांचा नाणी आणि द्राक्षाची दारू यांच्याशी परिचय झाला तो बहुतांशी या सरहद्दीवर. टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास या टोळ्यांचे वर्णन लिहिले आहे. नदीकाठचे लोक दारू विकत घेतात, त्यांना चांदीच्या नाण्यांची पारख आहे, आत खोलवर राहणारे मात्र अजून वस्तूंची अदलाबदलच करतात, असे तो नोंदवतो. या देवघेवीत विकणाऱ्याचे नाव टोळ्यांच्या भाषांत शिरले आणि विक्याच्या नावावरून विक्रीचे क्रियापद झाले. चौथ्या शतकात गॉथिक भाषेत बायबल उतरवले गेले. त्यात व्यापार करणे या अर्थी ‘काउपोन’ आहे. आजच्या जर्मनमधले ‘काउफन’ आणि डच भाषेतले ‘कोपन’ ही त्याचीच भावंडे, दोन्हींचा अर्थ विकत घेणे. शेजाऱ्यांनीही हा शब्द उचलला. फिनिश भाषेत दुकानाला ‘काउप्पा’ म्हणतात, आणि रशियन ‘कुपीत’ म्हणजे विकत घेणे हेही बहुधा जर्मानिक भाषांकडूनच आलेले आहे.

नकाशावरही हा शब्द जागोजागी सांडलेला दिसतो. कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचे बंदर. स्वीडनमधल्या नॉरशेपिंग, लिनशेपिंग, यनशेपिंग या शहरांच्या नावांतले शेपूट म्हणजे बाजारपेठ. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर इ.स. ८०० च्या सुमारास वसलेल्या व्हायकिंग व्यापारी गावाचे नाव तर नुसतेच ‘काउपांग’, म्हणजे पेठ.

अँग्लो-सॅक्सन लोक हा शब्द घेऊन ब्रिटनमध्ये आले, तेव्हा त्याचा उच्चार बदलत चालला होता. जुन्या इंग्रजीत काही स्वरांच्या आधीच्या ‘क’चा ‘च’ झाला आणि शब्द बनला ‘चेआप’. उत्तर इंग्लंडमध्ये डेन आणि नॉर्वेजियन लोकांची वस्ती होती, तिथे ‘क’ टिकला. यॉर्कजवळचे कॉपमनथॉर्प म्हणजे व्यापाऱ्यांची वाडी. दक्षिणेत त्याच व्यापाऱ्याला ‘चॅपमन’ म्हणत.

‘चेआप’चे पोट मोठे होते. सौदा, किंमत, विक्रीचा माल, बाजाराची जागा हे सगळे अर्थ त्यात मावत. इतकेच नव्हे, तर गुरेढोरे असाही त्याचा अर्थ होता. राजा आल्फ्रेडच्या काळातल्या इतिवृत्तात नवव्या शतकाच्या अखेरीस माणसांवर आणि गुरांवर आलेल्या साथीची नोंद आहे. तिथे गुरांसाठी हाच शब्द आला आहे. ज्या समाजात संपत्ती चार पायांवर चालत होती, तिथे माल आणि जनावर यांत फरक करण्याचे कारण नव्हते. ‘गोधन’ म्हणणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. इंग्रजीत शुल्काला जो ‘फी’ शब्द आहे त्याचाही एक पूर्वज गुरेवाचकच आहे, आणि तो पूर्वज संस्कृतातल्या ‘पशु’चा सगोत्र.

गुरे चोरीला जाणे सोपे असल्यामुळे सौदा चारचौघांत व्हावा, असा राजांचा आग्रह असे. आल्फ्रेडचा मुलगा एडवर्ड याने (राज्यकाळ ८९९ ते ९२४) फर्मान काढले, की कोणीही पेठेबाहेर खरेदी करू नये आणि सौद्याला पेठेच्या अधिकाऱ्याची साक्ष असावी. म्हणजे ‘चेआप’ हे साक्षीने, ठरल्या जागी करायचे काम होते. त्या ठरलेल्या जागांची नावे अजून शिल्लक आहेत. वेल्सच्या सीमेवरचे चेपस्टो म्हणजे बाजाराची जागा. चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्डन, चिपिंग सॉडबरी या गावांच्या नावांतले ‘चिपिंग’ म्हणजे बाजार. इंग्लंडात नॉर्टन नावाची गावे पैशाला पासरी. त्यातले बाजार भरतो ते नॉर्टन ओळखू यावे म्हणून हे उपपद लागले. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे ही दोन नावे ज्या गरजेतून पडली, तीच ही गरज.

या सगळ्या बाजारांचा मेरुमणी लंडनमध्ये होता. आल्फ्रेडने ८८६ मध्ये रोमन तटबंदीच्या आतले जुने लंडन पुन्हा वसवले. पुढे त्या तटाच्या आत दोन मोठे बाजार उभे राहिले. पुलाजवळचा पूर्वेकडचा तो ईस्टचीप, आणि सेंट पॉल्स चर्चजवळचा पश्चिमेकडचा तो वेस्टचीप. हाच पुढे ‘चीपसाइड’ म्हणून नावारूपाला आला. ईस्टचीप मुख्यतः खाटकांचा. शेजारच्या पुडिंग लेनचे नावदेखील गोड पदार्थावरून पडलेले नाही. त्या काळी आतडी-कोथळ्यांना ‘पुडिंग’ म्हणत, आणि खाटकांच्या दुकानांतली ही घाण या गल्लीतून नदीकडे नेली जाई.

चीपसाइडची शान वेगळी. मुख्य रस्ता रुंद, आणि त्याला दोन्ही अंगांनी फुटलेल्या गल्ल्यांची नावे म्हणजे सरळ मालाची यादीच: ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, हनी लेन, वुड स्ट्रीट, आयर्नमंगर लेन, आणि पूर्वेच्या टोकाला कोंबड्या-बदकांचा ‘पोल्ट्री’. एक फ्रायडे स्ट्रीटही आहे. ख्रिस्ती लोकांना शुक्रवारी मांस वर्ज्य असे, म्हणून त्या दिवशी मासळीला गिऱ्हाईक. मासळीवाल्यांवरून गल्लीला वाराचे नाव मिळाले, असे सांगतात. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या पुणेकराला या पत्त्यात वावगे काही वाटणार नाही. आयर्नमंगरमधला ‘मंगर’ हाही लॅटिन व्यापाऱ्याचाच वंशज आहे, पण ‘मँगो’ या निराळ्या शब्दाचा. रोमन लोकांनी इंग्रजांना दुकानदारासाठी दोन शब्द दिले आणि दोन्ही मुळात शिव्यांच्या जवळचे.

मध्ययुगात चीपसाइड हा लंडनचा दर्शनी चौक होता. तेराव्या शतकात टायबर्न ओढ्याचे पाणी नळांनी इथल्या हौदात आणले गेले, आणि राज्याभिषेकासारख्या प्रसंगी त्याच तोट्यांतून दारू वाहू दिली जाई. एडवर्ड पहिला याची राणी एलिनॉर १२९० मध्ये वारली. तिची अंत्ययात्रा जिथे जिथे थांबली तिथे त्याने दगडी स्मारके उभारली. त्यांतले एक चीपसाइडला होते, ते १६४३ मध्ये प्युरिटन राजवटीत पाडले गेले. १३३१ मध्ये याच रस्त्यावर वाळू पसरून भालेवाल्या घोडेस्वारांच्या झुंजी लावल्या होत्या. राणी फिलिपा आणि तिच्या सख्यांसाठी उभारलेला लाकडी मंच मधेच कोसळला. एडवर्ड तिसरा सुतारांवर इतका खवळला, की त्यांची धडगत दिसेना; राणीने गुडघे टेकून रदबदली केली तेव्हा ते सुटले. पुढे दगडी मंच बांधला गेला. १४५० च्या बंडात जॅक केडच्या लोकांनी खजिनदार लॉर्ड से याचे मुंडके उडवले, तेही चीपसाइडलाच. लोकांना काही दाखवायचे असले, मग ते वैभव असो की शिक्षा, तर जागा हीच.

मालही तसाच उंची. टॉमस बेकेट इथेच एका व्यापाऱ्याच्या घरी ११२० च्या सुमारास जन्मला. त्या जागेवर पुढे रेशीम-मखमलीच्या व्यापाऱ्यांच्या संघाने आपली वास्तू बांधली. १४९१ मध्ये उभारलेली सोनारांची आळी, म्हणजे गोल्डस्मिथ्स रो, पाहायला परदेशी प्रवासी येत. सतराव्या शतकात काही सोनार बाहेर पडले आणि त्यांच्या गाळ्यांत किरकोळ दुकाने थाटली गेली. राजा चार्ल्स पहिला याला ते खपले नाही. सोनारांनी परत यावे आणि फुटकळ दुकानदारांनी गाळे रिकामे करावेत, असे हुकूम निघाले. ‘चीप’चे नाव मिरवणारा रस्ता चीप होऊ नये म्हणून राजाने केलेली ही खटपट फारशी फळली नाही.

त्या सोनारांच्या मालाची प्रत्यक्ष साक्ष मात्र मिळाली. १९१२ साली चीपसाइडवरची जुनी इमारत पाडताना मजुरांच्या कुदळी एका तळघराच्या जमिनीत पुरलेल्या ऐवजावर पडल्या. सोळाव्या-सतराव्या शतकातले जवळपास पाचशे दागिने आणि रत्ने त्यात होती. कोलंबियाचे पाचू, श्रीलंकेचे नीलम, इराणचे फिरोजे, हिंदुस्थानातले हिरे. एका षट्कोनी पाचूला आतून पोखरून त्यात चक्क घड्याळ बसवलेले आहे. हा ऐवज ‘चीपसाइड होर्ड’ म्हणून प्रसिद्ध आहे. नावातला ‘चीप’ वाचून त्याची किंमत कोणी करू नये. १६६६ च्या आगीत हा सारा भाग खाक झाला, पुन्हा बांधला गेला आणि १९४०–४१ च्या बॉम्बवर्षावात पुन्हा पडला. गल्ल्यांची नावे तेवढी हलली नाहीत.

आता विशेषणाकडे. सौदा हा अर्थ असलेल्या ‘चीप’ला मध्ययुगीन इंग्रजीत पुढे विशेषणे लागत. ‘गुड चीप’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने चांगला सौदा. मालाची रेलचेल असली की ‘ग्रेट चीप’, टंचाई असली की ‘डिअर चीप’. फ्रेंचमध्ये ‘बों मार्शे’ म्हणजे चांगला बाजार हा शब्दप्रयोग स्वस्त या अर्थी आजही चालतो, आणि डच भाषेत ‘हुडकोप’ हा अख्खा शब्दच ‘गुड चीप’चा जुळा आहे. इंग्रजांनी मात्र सोळाव्या शतकात पुढचे ‘गुड’ गाळले. ‘मी हे गुड चीप घेतले’ याऐवजी ‘मी हे चीप घेतले’ म्हणणे सुरू झाले आणि नाम बघता बघता विशेषण झाले. ज्या शब्दात स्वस्ताई होती तो गळून गेला, आणि त्याचा अर्थ मात्र मागे राहिलेल्याच्या अंगावर पडला. भाषांतरात अशी लबाडी कोणी केली तर त्याला मूर्ख म्हणतील; भाषा ती रोज करते.

जुने अर्थ लगेच मेले नाहीत. ‘चीपन’ या क्रियापदाचा आजचा अर्थ किंमत किंवा मान कमी करणे असा आहे, पण शेक्सपिअरच्या काळात त्याचा अर्थ भाव विचारणे, घासाघीस करणे असा होता. ‘मच अडू अबाउट नथिंग’मधला बेनेडिक हे क्रियापद बायकोच्या निवडीबद्दल बोलताना वापरतो. तिची किंमत पाडण्याची त्याची इच्छा नाही. गुणी नसेल तर तिचा भावही विचारणार नाही, एवढेच त्याला म्हणायचे आहे. १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने या क्रियापदाचा पहिला अर्थ भाव विचारणे असाच दिला आणि किंमत कमी करणे हा दुसरा. जुन्या कादंबऱ्यांत एखादी बाई दुकानात बसून किनखाप ‘चीपन’ करते तेव्हा आजचा वाचक हमखास फसतो.

तुच्छतेचा अर्थ मात्र फार लवकर आला. १५९७ च्या सुमाराच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात राजा आपल्या उनाड युवराजाची कानउघाडणी करतो. मीही असाच ऊठसूट लोकांत मिसळत राहिलो असतो तर ‘चीप’ झालो असतो आणि सिंहासनाला मुकलो असतो, असे त्याचे म्हणणे. इथे पैशाचा संबंध नाही; अतिपरिचयाने येणारी अवज्ञा आहे. युवराज ज्या गुत्त्यात पडलेला असतो तो बोअर्स हेड कुठला, तर ईस्टचीपचा. बापाच्या तोंडी नवा अर्थ आणि मुलाच्या पत्त्यात जुना, असे दोन्ही एकाच नाटकात नांदतात.

ज्या माणसाच्या नावात जुना अर्थ शाबूत होता, त्या चॅपमनलाही दरम्यान उतरती कळा लागली. अँग्लो-सॅक्सन काळातला प्रतिष्ठित व्यापारी सतराव्या शतकापर्यंत पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव हिंडणारा फेरीवाला झाला. १६९७ पासून त्याला सरकारी परवाना घ्यावा लागे. सुया, फिती, आरसे यांच्याबरोबर तो पेनीच्या आसपास किमतीची चोपडी विकी. एकच कागद घडी घालून केलेली आठ, सोळा किंवा चोवीस पानांची, ओबडधोबड ठशांच्या चित्रांची. त्यांना पुढे ‘चॅपबुक’ नाव पडले. खेड्यापाड्यांतल्या इंग्रजांच्या कैक पिढ्यांनी राक्षसांच्या आणि दरोडेखोरांच्या कथा त्यातूनच वाचल्या. या चोपड्यांचा बाष्कळपणा सहन न होऊन हॅना मोर या धर्मशील लेखिकेने १७९५ मध्ये ‘चीप रिपॉझिटरी ट्रॅक्ट्स’ काढली. तशीच चित्रे, तशीच किंमत, आत मात्र सदाचाराचे धडे. वर्षभरात वीस लाखांवर प्रती खपल्या. त्यातल्या पुष्कळशा खात्यापित्या घरच्या लोकांनी गरिबांना वाटण्यासाठी घाऊक घेतल्या होत्या. ‘चॅपमन’चे तोडलेले रूप ‘चॅप’ आधी गिऱ्हाईक या अर्थी रुळले आणि अठराव्या शतकात त्याचा अर्थ नुसता ‘गडी’ झाला. लंडनच्या क्लबात बसलेला साहेब मित्राला ‘चॅप’ म्हणे तेव्हा त्याला गाठोडेवाला आठवत नसणार.

फेरीवाल्याचा नवा अवतार म्हणजे जत्रेत गाडीवर उभा राहून ओरडणारा ‘चीप-जॅक’. त्याच्या विक्रीची तऱ्हा लिलावाच्या उलटी. किंमत चढी सांगायची, थट्टामस्करी करीत ती उतरवत न्यायची, आणि कोणीतरी हो म्हणेपर्यंत थांबायचे नाही. डिकन्सने १८६५ च्या नाताळ अंकातल्या ‘डॉक्टर मॅरिगोल्ड’ या कथेत असाच एक चीप-जॅक निवेदक केला आहे. संसदेच्या उमेदवारांची भाषणे आणि आपली आरोळी यांत काही फरक नाही, फक्त आपण माल तरी देतो, असे तो सुनावतो.

एकोणिसाव्या शतकात या शब्दाला थोडा काळ प्रतिष्ठा लाभली. १८१५ च्या धान्य कायद्यांनी परदेशी गव्हाला अटकाव केला होता. त्याविरुद्धच्या चळवळीत ‘चीप ब्रेड’ ही घोषणा झाली आणि १८४६ मध्ये ते कायदे रद्द झाले. १८४० मध्ये पेनीत पत्र जाऊ लागले. १८४४ च्या कायद्याने प्रत्येक रेल्वे कंपनीला दिवसातून एक तरी गाडी अशी सोडायला लावली, की जिच्यात तिसऱ्या वर्गाच्या उतारूला छप्पर असेल आणि भाडे मैलाला पेनीहून जास्त नसेल. १८८३ मध्ये कामगारांच्या गाड्यांसाठी झालेल्या कायद्याचे अधिकृत नावच ‘चीप ट्रेन्स ॲक्ट’ असे होते. संसदेने सन्मानाने छापलेला हा ‘चीप’ लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पण त्याच सुमारास दुसरी बाजूही उघडी पडत होती. १८५० मध्ये चार्ल्स किंग्जली या पाद्र्याने ‘चीप क्लोद्ज अँड नॅस्टी’ नावाचे पत्रक काढले. लंडनच्या झगमगीत तयार कपड्यांच्या दुकानांसाठी कोंदट खोल्यांत शिंपी कसे राबतात, मधला मुकादम त्यांची मजुरी कशी खातो, आणि अर्धवट शिवलेला कोट रात्री तापाने फणफणलेल्या माणसाचे पांघरूण होऊन सकाळी गिऱ्हाइकाच्या अंगावर कसा जातो, हे त्याने लिहिले. किंमत कमी आहे म्हणजे ती कोणीतरी दुसऱ्याने भरली आहे, हा त्याचा रोख होता. ‘चीप अँड नॅस्टी’ ही जोडी इंग्रजीत घट्ट बसली.

जर्मनांच्या ‘बिलिश’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. त्याचा मूळ अर्थ न्याय्य, रास्त. रास्त भाव म्हणता म्हणता तो स्वस्त झाला. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जर्मन माल पाहून फ्रान्झ रॉइलो या जर्मन अभियंत्यानेच तो स्वस्त आणि वाईट असल्याचा शेरा मारला, तेव्हा त्या शब्दाचा उरलासुरला न्यायही गेला. १८८७ मध्ये इंग्लंडने परदेशी मालावर देशाचे नाव छापणे सक्तीचे केले, त्यामागेही या मालाची भीती होती. पुढच्या काही दशकांत ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का दर्जाची खूण ठरला, हा भाग वेगळा.

अमेरिकेत हे विशेषण वस्तूवरून माणसावर आले. तिथे ‘चीप’ माणूस म्हणजे कवडीचुंबक. इंग्लंडात माणूस चीप असतो तो वागणुकीने, अमेरिकेत बहुधा खिशाने. मराठीने इंग्रजीकडून घेतला तो वागणुकीचाच अर्थ: ‘किती चीप बोलतो’ असे कोणी म्हटले तर त्यात भावाचा विषय नसतो. भाजी स्वस्त असते, चीप कधीच नसते. खरे तर मराठीला या उसनवारीची गरज नव्हती. संस्कृत ‘महार्घ’वरून ‘महाग’ आला, तसा ‘समर्घ’वरून ‘सवंग’. जुन्या मराठीत सवंग म्हणजे सरळ स्वस्त. आज कोणी सवंग कांदे मागत नाही, सवंग लोकप्रियता आणि सवंग विनोद तेवढे उरले आहेत.

इंग्रज दुकानदारांनी आता या शब्दाशी जवळपास काडीमोड घेतला आहे. पाटीवर ‘अफोर्डेबल’, ‘बजेट’, ‘इकॉनॉमी’, ‘व्हॅल्यू’ असे काहीही असते. अपवाद सराफ्याचा आणि पेढ्यांचा. मध्यवर्ती बँक व्याजदर खाली आणते तेव्हा वर्तमानपत्रे त्याला ‘चीप मनी’ म्हणतात, आणि ते कर्ज घेताना कोणाला कमीपणा वाटत नाही.